लेइफंगचा मनोरा आणि लोकांचा निवाडा



दंतकथेला इतिहास असतो काय? दंतकथेतील घटनांना तो नसेल. परंतु ती सांगणाऱ्यांच्या मनाला निश्चित असतो. चीनमधील श्वेत नागिणीची कथा याचे उदाहरण म्हणून मी आपणांपुढे ठेवतो.

कथा अशी : हांगचौ नगरातील पश्चिम सरोवराच्या काठी, भर पावसात, शू श्येन हा तरुण एका शुभ्रवसना स्त्रीला आपली छत्री देतो. पुढे दोघांचा विवाह होतो. ती स्त्री म्हणजे दीर्घ तपाने मानवी रूप पावलेली नागीण. फाहाय नावाचा बौद्ध भिक्षू तिला ओळखतो आणि लेइफंग मनोऱ्याखाली कायमची कोंडतो.

आरंभी या कथेत प्रेम नव्हतेच. तांग काळातील (618–907) एका कथेत सर्पिणीच्या मोहात पडलेल्या तरुणाचा देह वितळून जातो, केवळ मस्तक उरते. बोध सरळ होता : रूपाला भुलू नका. 1624 साली फंग मंगलुंगने छापलेल्या कथेतही भिक्षूच विजयी आहे. पती स्वतः पत्नीला भिक्षापात्राखाली दाबतो आणि भिक्षा मागून वर मनोरा बांधतो. तथापि त्याच कथेत नागीण सांगते, की मोहाने मी मर्यादा ओलांडली, पण कोणाचा जीव घेतला नाही. माझ्या मते, निवाडा फिरला तो या एका वाक्यापासून.

अठराव्या शतकात नाटककारांनी कथा रंगभूमीवर आणली. तेथे भयाने गतप्राण झालेल्या पतीसाठी नागीण संजीवक वनस्पती आणते. त्याला अडवून ठेवणाऱ्या चिनशान मठावर ती महापूर लोटते. प्रेक्षकांची सहानुभूती आता पत्नीकडे वळली. लोककथेने तर फाहायला शिक्षाच दिली : तो खेकड्याच्या कवचात दडून बसला! लू शुन या थोर लेखकाने 1924 साली ही समजूत नोंदवली, तीही मनोरा पडल्याच्या आनंदात.

कारण 25 सप्टेंबर 1924 रोजी तो मनोरा खरोखरच कोसळला. त्याच्या विटा शुभ मानून लोक वर्षानुवर्षे त्या काढून नेत होते. मूळ मनोरा दहाव्या शतकात वूयुए राज्याच्या छ्येन चू राजाने बुद्धाच्या अवशेषांसाठी उभारला होता. नागिणीशी त्याचा संबंध नव्हता. 2001 च्या उत्खननात तळघरातून निघाला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा लहान स्तूप. त्याला तेथे ‘अशोक राजाचा स्तूप’ म्हणतात. भारतीय सम्राटाचे नाव इतक्या दूर, त्या विटांखाली सुरक्षित होते. 2002 साली त्या जागी नवा मनोरा उभा राहिला.

मित्रहो, राजाने मनोरा बांधला, भिक्षूने धर्म सांगितला. परंतु दोषी कोण, हे मात्र पिढ्यान्‌पिढ्या कथा ऐकणाऱ्या सामान्य माणसांनी ठरविले. ग्रंथातील निकाल अखेरचा नसतो. इतिहासाच्या अभ्यासकाने राजाच्या शिलालेखाइतकेच या श्रोत्यांकडेही कान द्यावे, एवढीच माझी विनंती आहे.