सर सय्यद : आदर आणि चिकित्सा



१७ ऑक्टोबर जवळ आला की आपल्या शाळांतून सर सय्यद अहमद खान यांच्यावर भाषणांची तयारी सुरू होते. मीही कित्येक मुलांना अशी भाषणे लिहून दिली आहेत. खरे सांगायचे तर दरवर्षी त्यातली विशेषणे तेवढी बदलतात! एकदा नववीच्या वर्गात भाषण पाठ करणाऱ्या एका मुलीने विचारले, "सर, सर सय्यदांनी मुलींसाठी किती शाळा काढल्या?" मी घड्याळाकडे पाहिले आणि पुढचा धडा काढला.

उत्तर मला माहीत होते. एकही नाही. १८८२ च्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी सांगितले की, पुरुष पुरेसे शिकल्याखेरीज मुसलमान स्त्रियांच्या शिक्षणाचे प्रयत्न यशस्वी होणार नाहीत. तो काळच तसा होता, असे आपण चटकन म्हणतो. पण त्याच काळात, १८४८ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली होती. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमा हे नाव येते. तेव्हा सारा दोष काळाच्या माथी मारून चालणार नाही.

दुसरी गोष्ट याहून कटू आहे. डिसेंबर १८८७ मध्ये लखनौच्या भाषणात त्यांनी सरकारी नोकऱ्यांसाठी खुल्या स्पर्धा परीक्षेला विरोध केला. हलक्या कुळातला माणूस बी.ए., एम.ए. झाला तरी खानदानी लोक त्याचा अंमल मानतील काय, असा त्यांचा सवाल होता. आपल्यापैकी किती जण खानदानी आहेत? विणकर, बागवान, खाटीक यांची मुले आज आपल्या बाकांवर बसतात, ती परीक्षेच्याच भरवशावर. त्याच महिन्यात मद्रासला काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद बद्रुद्दीन तय्यबजी भूषवीत होते. मुंबईत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम उभी करणाऱ्यांपैकी ते एक. पुढे दोघांचा पत्रांतून वाद झाला. दोघेही कौमेचे हितचिंतकच!

मग सर सय्यदांचा मोठेपणा कशात? १८५७ नंतर दिल्लीची राखरांगोळी झालेली असताना, सरकारी नोकरीत असूनही, बंडाला सरकारच्या चुका कारण आहेत आणि कायदे करताना हिंदी माणसाला विचारले जात नाही, असे त्यांनी लिहून छापले. यास छातीच लागते. १८६४ मध्ये गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढून त्यांनी इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणवले. कुफ्राचे फतवे निघाले, तरी १८७५ साली अलिगढला शाळा सुरू झाली आणि १८७७ मध्ये कॉलेजची कोनशिला बसली. तिथे हिंदू मुलांनाही दार खुले होते. पहिले पदवीधर ईश्वरी प्रसाद. पैसा मात्र दारोदार फिरून जमवावा लागला. आपल्या सोसायटीच्या पावती-पुस्तकांसह फिरलेल्यांना त्याची कल्पना येईल.

याच अलिगढमध्ये शिकलेले शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ साली तेथे मुलींची शाळा उघडली. सर सय्यदांनी जे नको म्हटले, ते त्यांच्याच कॉलेजच्या विद्यार्थ्याने केले.

पुढच्या तासाला मी त्या मुलीला हे सारे सांगितले. तिने भाषणाच्या कागदावर १८७५ च्या खाली १८८२ आणि १९०६ ही दोन साले लिहून घेतली.