शब्दांची शिरगणती

परकी भाषा शिकवायची, तर तिच्यातले कोणते शब्द आधी शिकवावेत? आम्ही मास्तरमंडळी क्रमिक पुस्तकात येतील ते शब्द, येतील त्या क्रमाने फळ्यावर लिहीत असतो. ते तेथे कुणी आणि कशावरून बसवले, हा इतिहास मात्र मोठा रंजक आहे. आणि त्याचे एक प्रकरण चक्क कोल्हापुरात घडले आहे.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याला होता. बंगाली मुलांच्या इंग्रजी पुस्तकांत पानोपानी नवे शब्द कोसळत, त्यांतले कित्येक जुनाट, आणि एकदा भेटलेला शब्द पुन्हा लवकर तोंड दाखवीत नसे. पुष्कळ मुले मध्येच शाळा सोडीत. वाचता येण्याआधीच शाळा सुटली, की केलेली मेहनत पाण्यात! वेस्टला ही गोष्ट फार लागली. त्याने अडगळीतले शब्द काढून नेहमीचे घातले आणि नवा शब्द पुढे वारंवार भेटेल अशी तजवीज केली.

पण नेहमीचा शब्द ओळखायचा कसा? अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२१ साली १०,००० शब्दांची यादी छापली होती. त्यासाठी चाळीस लाखांहून अधिक शब्दांचा मजकूर हाताने मोजला गेला. बायबलच्या पंक्तीला स्वयंपाकाची आणि शिवणकामाची पुस्तके, वर्तमानपत्रे, पत्रव्यवहारसुद्धा! (त्या मोजणाऱ्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार.) पुढे १९५३ साली वेस्टची सुमारे २,००० शब्दांची यादी निघाली. एकाच शब्दाचा कोणता अर्थ शेकडा किती वेळा येतो, हेही तीत दिले होते.

हा अर्थांचा हिशेब मला सर्वांत मोलाचा वाटतो. समजा, एखादा परदेशी पाहुणा मराठी शिकतो आहे. कोशात ‘मारणे’ म्हणजे ठोकणे असे तो वाचतो, आणि बाहेर पाहतो तर माणसे हाका मारतात, उड्या मारतात, गप्पा मारतात! ‘मारणे’ असलेली शंभर वाक्ये एकाखाली एक मांडून दाखवली, तर त्याचे त्यालाच उमजेल. इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठात टिम जॉन्स यांनी हेच केले. संगणकातून अशा ओळी काढून ते परदेशी विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आणि नियम त्यांनाच शोधायला लावीत. तेथेच जॉन सिंक्लेअर यांनी १९८० पासून मजकुराचा मोठा साठा जमवला व त्यावरून १९८७ साली शिकणाऱ्यांसाठी कोश काढला. त्यात शब्दाचा अर्थ पुरत्या वाक्यात, बोलल्यासारखा सांगितलेला असतो.

मात्र ढिगात जे घालावे तेच मोजले जाते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाने १९६१ सालच्या छापील मजकुरातून दोन-दोन हजार शब्दांचे ५०० उतारे घेऊन १९६४ साली दहा लाख शब्दांचा साठा सिद्ध केला. पण ती इंग्रजी अमेरिकेची. आपल्याकडे लिहिली जाते ती इंग्रजी कुणी मोजायची? ते काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी अंगावर घेतले. १९७८ साली भारतात छापलेल्या इंग्रजीतून त्यांनी त्याच बेताचा दहा लाख शब्दांचा साठा उभा केला. बातम्या, धर्म, छंद, शास्त्र, कथा-कादंबऱ्या असे सारे त्यात आले.

कादंबरीकार म्हणून मला गंमत वाटते ती एवढीच, की सुमारे दोन हजार शब्द भरले की उतारा थांबतो. पुढे नायिकेचे काय झाले, याची मोजणाराला फिकीर नसते.