कियांतीचे पांढरे रस्ते

इटलीतील टस्कनी प्रांतात फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन नगरांच्या मध्ये पसरलेला कियांती हा डोंगराळ मुलूख लाल वाइनसाठी प्रसिद्ध आहेच, परंतु गेल्या दोन-तीन दशकांत जगभरचे सायकलप्रवासी तेथे वळू लागले आहेत ते मुख्यतः माथ्यावरच्या जुन्या गावांना जोडणाऱ्या, डांबर न पडलेल्या आणि वर्दळ नसलेल्या रस्त्यांसाठी. इटालियन भाषेत या रस्त्यांना ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे ‘पांढरे रस्ते’, असे म्हणतात; कियांतीच्या टेकड्यांत ‘अल्बेरेझे’ नावाचा फिकट रंगाचा चुनखडक आढळतो, आणि अशा दगडाची खडी अंथरून दाबलेला रस्ता उन्हाळ्यात पिठासारखा पांढरा दिसतो. हे रस्ते आरंभापासून असेच निवांत असावेत, असा पाहुण्याचा समज होणे स्वाभाविक असले, तरी इतिहास निराळा आहे. एके काळी त्यांवर बैलगाड्यांची, खेचरांची आणि पायी चालणाऱ्या माणसांची अखंड ये-जा होती, आणि आजची शांतता ही ती माणसे निघून गेल्यानंतर मागे उरलेली शांतता आहे.

मध्ययुगात कियांती ही दोन वैरी नगरराज्यांची सीमा होती. 4 सप्टेंबर 1260 रोजी माँतापेर्ती येथे सिएनाच्या सैन्याने फ्लॉरेन्सचा दारुण पराभव केला, पण पुढील शतकांत पारडे फिरत गेले आणि 1555 मध्ये दीर्घ वेढ्यानंतर सिएना शरण आले. या संघर्षाच्या काळात फ्लॉरेन्सने राद्दा, गायोले आणि कास्तेल्लिना या तीन ठाण्यांचा मिळून एक संरक्षक संघ केला होता. त्याचे चिन्ह असलेला काळा कोंबडा आजही कियांती क्लासिको वाइनच्या बाटलीवर दिसतो. सीमेवरच्या गावांनी टेकडीचा माथा का धरला आणि त्यांच्याभोवती तट का उभे राहिले, याचे उत्तर या लढायांत आहे. आज सायकलस्वाराला प्रत्येक गावासाठी जो चढ चढावा लागतो, तो मुळात शत्रूला दमवण्यासाठी निवडलेला चढ आहे. त्या काळचा मुलूख कसा दिसत असे, हे पाहायचे असेल तर सिएनाच्या नगरभवनातील आंब्रोजिओ लोरेंझेत्ती या चित्रकाराचे 1338-39 मधील भित्तिचित्र पाहावे. सुराज्याचे परिणाम दाखवणाऱ्या या चित्रात नगराच्या वेशीतून बाहेर पडणारा रस्ता टेकड्यांमधून उतरत जातो, शिकारीला निघालेले घोडेस्वार आणि ओझी लादलेली जनावरे एकमेकांना सामोरी येतात, आणि दोन्ही बाजूंच्या उतारांवर शेते व द्राक्षमळे पसरलेले असतात. राज्य चांगले आहे याची खूण म्हणून चित्रकाराने निर्भय, गजबजलेला रस्ता निवडला, ही गोष्ट फार बोलकी आहे.

सीमेचे महत्त्व संपल्यावर गढ्यांचे रूपांतर जमीनदारांच्या वाड्यांत झाले आणि मुलखाची खरी घडण ‘मेद्झाद्रिया’ या शेतीपद्धतीने केली. हा शब्द अर्धा या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आला असून महाराष्ट्रात ज्याला अर्धेलीने जमीन कसणे म्हणतात, त्याच्याशी तो अर्थाने तंतोतंत जुळतो : जमीन आणि घर मालकाचे, श्रम कुळाचे आणि पीक निम्मे-निम्मे. टस्कनीतील विशेष असा, की कूळ गावठाणात राहत नसे. मालकाची जमीन ‘पोदेरे’ नावाच्या स्वतंत्र घटकांत विभागलेली असे, एका कुटुंबाला जेवढी कसता येईल तेवढी जमीन एका पोदेरेत असे, आणि त्या जमिनीवरच दगडी घर बांधलेले असे, ज्याच्या तळमजल्यावर गुरे आणि वरच्या मजल्यावर माणसे राहत. असे अनेक पोदेरे मिळून एक ‘फात्तोरिआ’ होई, म्हणजे कोठारे, घाणा आणि वाइनचे तळघर असलेले मालकाचे ठाणे. तेथे कारभारी बसे आणि प्रत्येक कुळाच्या नावाने जमाखर्चाची वही ठेवली जाई. गहू, ऑलिव्ह आणि द्राक्षे एकाच शेतात मिसळून घेतली जात, आणि द्राक्षवेल बऱ्याचदा मेपलसारख्या जिवंत झाडावर चढवलेला असे.

या व्यवस्थेतूनच पांढऱ्या रस्त्यांचे जाळे विणले गेले. घर माथ्यावर किंवा उताराच्या सोंडेवर एकटे, त्यापासून कारभाऱ्याच्या ठाण्यापर्यंत पिकाचा वाटा पोचवणारी गाडीवाट, तेथून चर्च आणि बाजाराच्या गावापर्यंत दुसरी वाट. आणि शेजारचा पोदेरे दरीपलीकडे असेल तर तेथे जाणारी तिसरी. म्हणून हे रस्ते दोन मोठ्या ठिकाणांना सरळ जोडत नाहीत, ते प्रत्येक घराची विचारपूस करत वळत जातात. त्यांच्या वळणांचे सौंदर्य मान्य करताना त्या घरांतले जीवन विसरणे मात्र अन्यायाचे ठरेल, कारण करार सहसा एका वर्षाचा असे, मालक कुळाला घर सोडण्याची नोटीस देऊ शके, आणि घरातील लग्नासाठीही त्याची संमती घ्यावी लागे.

वाइनची कीर्ती या श्रमावर उभी राहिली. 1716 मध्ये तिसरा कोसिमो दे मेदिची या टस्कनीच्या अधिपतीने फर्मान काढून कियांतीसह चार प्रदेशांच्या सीमा ठरवल्या, आणि वाइनच्या उत्पादनक्षेत्राला कायद्याने हद्द घालण्याच्या जगातील आद्य उदाहरणांत त्याची गणना होते. पुढे ब्रोलिओच्या गढीचे धनी आणि संयुक्त इटलीचे दुसरे पंतप्रधान बेत्तिनो रिकासोली यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर 1872 मधील एका पत्रात कियांतीचे मिश्रण सांगितले, ज्यात सांजोव्हेझे हे मुख्य द्राक्ष आणि त्याच्या जोडीला कानायोलो व माल्वाझिया होते. याच सांजोव्हेझेची लागवड आज सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात होते आणि त्यापासून तेथे वाइनही बनते, ही मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी गोष्ट आहे.

टस्कनीत सायकल लवकर पोचली. 2 फेब्रुवारी 1870 रोजी फ्लॉरेन्स ते पिस्तोइया ही शर्यत झाली, जी इटलीतील पहिली रस्त्यावरील सायकलशर्यत मानली जाते. कियांतीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच, फ्लॉरेन्सच्या वेशीजवळ, पोंते आ एमा येथे जीनो बार्ताली जन्मले. त्यांनी 1938 आणि 1948 अशी दहा वर्षांच्या अंतराने दोनदा ‘तूर द फ्रान्स’ जिंकली. युद्धकाळात सरावाच्या निमित्ताने फ्लॉरेन्स आणि असिसी यांच्या दरम्यान जाताना ते ज्यूंना वाचवणारी बनावट ओळखपत्रे सायकलच्या नळीत लपवून नेत, आणि 2013 मध्ये इस्राएलच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेने त्यांचा मरणोत्तर गौरव केला.

दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांच्या चळवळीने उचल खाल्ली. 1947 मध्ये कुळाचा वाटा 53 टक्के झाला, 1964 च्या कायद्याने तो 58 टक्क्यांवर नेला आणि अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी घातली. मुंबई राज्यातील 1948 च्या कूळ कायद्याशी याची तुलना करताना एक फरक ध्यानात घ्यावा लागतो : महाराष्ट्रात कसणारा जमिनीवर टिकावा यासाठी झगडा झाला, तर टस्कनीत कायदा पुरता लागू होईपर्यंत कसणाऱ्यांपैकी पुष्कळजण जमीन सोडून गेले होते. कारखान्यातला ठराविक पगार, नळाचे पाणी, वीज आणि मुलांची शाळा यांच्या ओढीने कुटुंबेच्या कुटुंबे खोऱ्यांतील औद्योगिक गावांकडे उतरली. मिश्र शेतीच्या जागी यंत्राने मशागत करता येईल अशा सलग द्राक्षबागा आल्या, दगडी घरे ओस पडली, आणि मुख्य रस्त्यांवर डांबर पडत असताना ज्या घरांत कोणी राहतच नव्हते तिकडे जाणाऱ्या अनेक वाटा खडीच्याच राहिल्या. उपेक्षेने त्यांचे रक्षण केले, असे म्हणणे क्रूर वाटले तरी वस्तुस्थितीला धरून आहे. शेतघरांत पाहुणे उतरवण्याच्या व्यवसायाला 1985 मध्ये कायद्याची चौकट मिळाली, तेव्हा यांतली कित्येक घरे पुन्हा उघडली. पण आता तेथे कुळे नव्हती.

रस्ते वाचवण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न सुरू झाला तो 1997 मध्ये, जांकार्लो ब्रोच्ची यांनी गायोले येथे ‘लेरोइका’ हा सायकलमेळा भरवला तेव्हा. पहिल्या वर्षी त्यात 92 सायकलस्वार होते. नियम असा, की सायकल 1987 पूर्वीच्या धाटणीची हवी, गिअरचे खटके चौकटीच्या खालच्या नळीवर हवेत, पॅडलला पट्टे हवेत आणि ब्रेकच्या तारा हँडलवरून उघड्या आलेल्या हव्यात. या अटींकडे केवळ जुन्याची हौस म्हणून पाहू नये. त्यांमागे खडीचा रस्ता हीच जपण्याची वस्तू आहे असा ठाम विचार होता, आणि त्यातून सुमारे 200 किलोमीटरचा कायमचा मार्ग फलक लावून आखला गेला. 2007 मध्ये त्याच रस्त्यांवर व्यावसायिक शर्यत सुरू झाली, जी आज ‘स्त्रादे बियांके’ याच नावाने ओळखली जाते आणि सिएनाच्या पियात्सा देल काम्पो या चौकात संपते. मे 2010 मध्ये ‘जिरो द इतालिया’चा एक टप्पा पावसात याच जातीच्या रस्त्यांवरून माँताल्चिनोला गेला, तेव्हा पांढरी धूळ चिखल होऊन स्वारांच्या अंगावर इतकी थापली गेली, की कोण कोणत्या संघाचा हे ओळखणे कठीण झाले.

लेरोइका ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भरते. लांब पल्ल्याचे स्वार गायोलेहून अंधारातच निघतात, आणि रिकासोलींच्या ब्रोलिओ गढीकडे चढणाऱ्या पांढऱ्या रस्त्यावर, सायप्रसच्या रांगांखाली, त्यांच्यासाठी दिवे लावलेले असतात. पूर्वी याच दिवसांत या चढावरून कुळांच्या बैलगाड्या द्राक्षे घेऊन वर जात. आजही मेळ्याच्या आगेमागे खालच्या उतारांवर सांजोव्हेझेची तोडणी चालू असते.