ध्वनिक्षेपकाची तार आणि तिचा सांधा



गेल्या महिन्यांत आमच्या कर्वेनगरांतील शेजाऱ्यांचा मुलगा दोन नवे ध्वनिक्षेपक, एक ध्वनिवर्धक आणि तपकीर गल्लींतून आणलेलें लाल-काळ्या तारेचें वेटोळें घेऊन माझ्या घरीं आला. "गुरुजी, ही तार नुसती पेंचांत आवळूं, कीं तिला बनाना पिन लावूं?" असें त्यानें विचारलें. प्रश्न दोन मिनिटांचा. परंतु उत्तर देतां देतां मला या सांध्यांचा सगळा इतिहास आठवला, आणि त्याबरोबर माझी एक जुनी चूकही आठवली.

तारेचें टोक पितळी पेंचाखालीं आवळणें ही सर्वांत जुनी रीत होय. तारायंत्र आणि विद्युद्घट यांच्याबरोबर ती जगभर पसरली. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत लेक्लांशे घटाच्या डोक्यावर असाच पेंच असे. आणि तारेचें टोक काचकागदानें घासून लखलखीत केल्याखेरीज आमचे शिक्षक तो आवळूं देत नसत. तांब्यावर हवेनें जो मळकट थर चढतो, तो प्रवाहाची वाट अडवितो, हें त्याचें कारण. तो धडा आजही तितकाच खरा आहे.

प्रवाहास होणाऱ्या रोधाचा नियम १८२७ सालीं ज्यानें ग्रंथरूपानें मांडला, तो गेऑर्ग ओम हाही कोलोन येथील शाळेंतला शिक्षकच. त्याच्या नियमानें आपला हिशेब घरच्या घरीं होतो. ध्वनिक्षेपक ५ मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन तार १० मीटर झाली. तांब्याची तार १.५ चौरस मिलिमीटर जाडीची घेतल्यास तिचा रोध सुमारें ०.१२ ओहम भरतो. म्हणजे ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकापुढें शेंकडा दीड. तीच तार ०.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर शेंकडा चारांहून अधिक. यापलीकडे तारेंत गूढ असें कांहीं नाहीं. हजारों रुपये वार अशा भावानें विकल्या जाणाऱ्या तारांविषयीं मी अधिक बोलत नाहीं. मात्र तांबें म्हणून ॲल्युमिनियम गळ्यांत मारलें जात नाहीं ना, एवढें पाहावें, कारण त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो.

आतां बनाना पिनेकडे वळूं. १९२४ सालीं जर्मनींत रिचर्ड हिर्शमान यानें बाजूला स्प्रिंग असलेली ही फुगीर पिन बाजारांत आणली. पुढच्याच वर्षीं, १९२५ सालीं, अमेरिकेंत राइस आणि केलॉग यांनीं आजच्या ध्वनिक्षेपकाचें मूळ रूप जगापुढें मांडलें. दोघांची जोडी जमावी असाच तो योग होता. पिन घातली कीं बसली, ओढली कीं निघाली! परंतु या सोयींतच एक धोका दडलेला होता. जोडपिनेच्या दोन पायांत अंतर पाऊण इंच. आणि १९३४ सालीं ब्रिटनमध्यें ज्या पांच ॲंपिअरच्या गोल पायांच्या प्लगाचें मानक ठरलें व जो आपल्याकडे घरोघर रुळला, त्याच्याही खालच्या दोन पायांत अंतर पाऊण इंचच! भिंतींतल्या जुन्या, पडदा नसलेल्या सॉकेटांत ही पिन सैल कां होईना, पण आंत जाते. तेथें २३० व्होल्टांचा दाब असतो. म्हणूनच युरोपांत विकावयाच्या ध्वनिवर्धकांच्या भोकांत लहान बुचें ठोकलेलीं असतात. आपले लोक तीं चाकूनें उपटतात.

आतां माझी चूक सांगतों. १९७५ सालीं मी मॅट्रिकच्या वर्गांत होतों. स्नेहसंमेलनांत काचेच्या व्हॉल्व्हांचा ध्वनिवर्धक होता आणि कर्ण्याच्या तारेला नुसता पीळ दिलेला होता. धांवतांना ती तार माझ्या पायांत अडकून सुटली. आवाज बंद पडलासें पाहून यंत्रावर बसलेल्या मुलानें कळ आणखी पिळली; थोड्याच वेळांत जळका वास आला. व्हॉल्व्हच्या यंत्रास कर्ण्याचा भार नसला कीं आंतील ट्रान्सफॉर्मरवर दाब भलताच चढतो आणि त्याचें वेष्टन फुटतें. हें मला फार पुढें कळलें. वर्गणी काढून घेतलेलें यंत्र होतें तें. तार माझ्या पायानें सुटली, हें मीं त्या वेळीं कोणालाच सांगितलें नाहीं.

ट्रान्झिस्टर आले आणि भय उलटें झालें. आतां तार सुटली तर यंत्र स्वस्थ बसतें. पण दोन तारा एकमेकींस चिकटल्या तर तें जळूं शकतें. पेंचाबाहेर राहिलेला केसाएवढा एक धागाही तेवढ्यास पुरतो. टेलिफोन कचेऱ्यांतून आलेली पाव इंची जॅक पिन या कामीं निरुपयोगी ठरली ती याचमुळें, कारण आंत सरकतांना ती क्षणभर दोन्ही टोकें जुळवूं शकते. १९८७ सालीं लिख्टेनस्टाइनच्या न्यूट्रिक कंपनीनें काढलेल्या स्पीकॉनमध्यें संपर्क आंत लपविलेले असून जोड फिरवून कुलपासारखा बसतो. पाय अडकला तरी तो सुटत नाहीं. मंडपवाल्यांनीं तो आपलासा केला यांत नवल नाहीं. दिवाणखान्यांत मात्र त्याची गरज क्वचितच पडते.

त्या मुलाच्या यंत्रास पेंच होते आणि घरांत दोन वर्षांची बहीण होती. म्हणून बनाना पिना मीं नको म्हटल्या. तारेचें वेष्टन अर्धा इंच सोलून धागे घट्ट वळले. त्यांवर कथिल चढविलें नाहीं, कारण दाबाखालीं कथिल हळूहळू पसरतें आणि पेंच ढिला पडतो. तारा कपाटामागून नेल्या, पायांत येतील अशा ठेवल्या नाहींत. गाणें सुरू झालें, पण तबल्याचा डग्गा कोठें हरवल्यासारखा वाटे. दीड व्होल्टांचा घट तारांना क्षणभर टेकवून पाहिला, तों एका ध्वनिक्षेपकाचा पडदा बाहेर आला आणि दुसऱ्याचा आंत गेला. डावीकडची लाल तार काळ्याच्या जागीं गेली होती. ती बदलली, आणि डग्गा आपल्या ठिकाणीं परत आला.