शारदासदनाचा कारभार
शाळेच्या कारभारांत चालकाच्या धर्मश्रद्धेला जागा किती, हा वाद पुण्यास १८९३ सालीं विकोपाला गेला. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत शारदासदन काढलें, तें अमेरिकेंतील देणग्यांवर आणि धर्मशिक्षण न देण्याच्या अटीवर. न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार झाले ते या अटीच्याच भरंवशावर. पुढें सदन पुण्यास आलें. बाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत. दार उघडें असे, मुली जाऊन बसत. स्वतःच्या घरांत आपला धर्म कां लपवावा, हा त्यांचा प्रश्न. सल्लागारांनीं राजीनामे दिले. ‘केसरी’नें तर आधींपासूनच झोड उठविली होती. बाईंचा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो. पण त्या दारांतून येणारी विधवा मुलगी आश्रित होती, हेंही दृष्टीआड करवत नाहीं. पुष्कळ मुली पालकांनीं काढून नेल्या. सदन मात्र बंद पडलें नाहीं.