वायरमनला, इंजिनिअरला भेट काय द्यायची? ‘धोका’ पाटी भिंतीवर लावण्याआधी हे वाचा

गावातला वायरमन निवृत्त होतो, कोणाचं पोरगं आयटीआय पास होतं, कोणाची पोरगी इंजिनिअर होते. अशा वेळी शाल-श्रीफळासोबत आता विजेच्या विषयावरच्या गमतीदार भेटवस्तूही दिल्या जातात. ४ मार्चला लाईनमन दिवस असतो आणि १५ सप्टेंबरला अभियंता दिन. तो सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस (१८६१). पुण्यात शिकलेल्या या इंजिनिअरच्या कल्पनेतले आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ मध्ये खडकवासला धरणावर बसले.

काय काय मिळतं?

रंगपट्ट्यांचं घड्याळ : आकड्यांच्या जागी रेझिस्टरचे रंग असतात. काळा म्हणजे ०, तपकिरी १, लाल २, नारंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. आयटीआयच्या पोराचं पाठांतर रोज आपोआप होतं.

ओहमच्या नियमाची फ्रेम : व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स. जर्मनीच्या जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला हा नियम त्रिकोणात लिहिलेला असतो.

हिशोबाची पाटी : ही घरीसुद्धा करता येते. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, ५ एचपीची मोटार म्हणजे साधारण ३.७ किलोवॅट, १००० वॅट एक तास चाललं की १ युनिट. मोटारीच्या खोलीत लावली तर शोभा आणि उपयोग दोन्ही.

‘धोका’ पाटी : कवटी, हाडं आणि ‘४४० व्होल्ट’. पोरं ही हौसेने खोलीच्या दारावर लावतात. खरी काळजी हिचीच आहे.

खरी पाटी काढू नका

आमच्या शिवारातल्या डीपीवरची पाटी एकदा कोणीतरी काढून नेली. नंतर ती एका पोराच्या खोलीत दिसली. त्याला ती गंमत वाटली, पण डीपीजवळ शेळ्या चारणाऱ्या लहान लेकरांना इशारा देणारं काही उरलं नाही. २५० व्होल्टच्या वरच्या यंत्रणेवर कवटी-हाडांची ही सूचना स्थानिक भाषेतही लावणं नियमाने बंधनकारक आहे. ज्याला वाचता येत नाही, त्याला कवटीचं चित्र कळतं.

विद्युत कायदा २००३ च्या कलम १३६ प्रमाणे खांबावरून तार, साहित्य किंवा मीटर परवानगीशिवाय काढून नेणं ही चोरी आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चिनी मातीच्या इन्सुलेटरचा पेनस्टँड किंवा जुन्या मीटरचं घड्याळ विकत घेताना माल कुठून आला, हे विचारा.

भिंतीवर लावताना

– लाईट लागणारी फ्रेम ५ किंवा १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारी घ्या. थेट २३० व्होल्टची, उघड्या जोडाची नको.
– ओल येणाऱ्या भिंतीवर, चुलीजवळ किंवा पाळण्याजवळ लावू नका.
– ‘धोका’ पाटी हौसेची असेल तर दिवाणखान्यात लावा, मीटर किंवा स्विचबोर्डजवळ नको. गमतीची पाटी सगळीकडे दिसली, की खरीकडे कोणी बघत नाही.

तुमच्या डीपीवर पाटी आहे का? उद्या शेतात जाताना लांबूनच बघा. नसेल तर वीज कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.