तिसऱ्या माणसाचा निरोप

बेंगळुरूच्या राजाजीनगरातील एखाद्या गच्चीवरून एका हॅमने हातातल्या पाच वॅटच्या यंत्रावर चार शब्दांचा निरोप धाडला आणि तो पुण्यातल्या कुणाच्या साध्या मोबाइलवर एसएमएस म्हणून उमटला, तर तंत्रज्ञानाच्या दृष्टीने त्यात फारसे नवल नाही. हे घडवून आणण्याची सामग्री गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर तयार झाली आहे. अडचण वेगळीच आहे. पाठवणाऱ्या हॅमजवळ सरकारी परवाना आहे, लहरीवर त्याचा हक्क आहे. पण ज्याच्या मोबाइलवर निरोप उतरतो त्याच्याजवळ तो नाही. हौशी रेडिओच्या कायद्याच्या भाषेत तो ‘तिसरा पक्ष’. या तिसऱ्या माणसाचा निरोप हौशी लहरीने वाहावा की नाही, हा प्रश्न मोबाइलपेक्षा बराच जुना आहे, आणि हौशी रेडिओवरून मोबाइलपर्यंत पोहोचण्याचा इतिहास म्हणजे मुख्यतः याच प्रश्नाचा इतिहास होय.

हौशी सेवेची व्याख्याच मुळी असे सांगते की, स्वतः शिकण्यासाठी, परस्पर संभाषणासाठी आणि तांत्रिक शोधासाठी, केवळ वैयक्तिक आवडीने व कोणत्याही आर्थिक लाभाविना चालवलेली ही सेवा आहे. पैसे घेऊन निरोप पोहोचवणे हे टपाल, तार व दूरध्वनी खात्याचे काम. त्यात हौशी मंडळींनी लुडबूड करू नये, असा यामागचा जुना रोख. त्यात सरकारी धास्तीही मिसळलेली होती. भारतात १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्तु यांना पहिला परवाना मिळाला, हळूहळू हॅमांची संख्या वाढली आणि दुसरे महायुद्ध सुरू होताच सरकारने सारे परवाने काढून घेतले. ती धास्ती निराधार नव्हती, हे १९४२ मध्ये मुंबईने दाखवून दिले. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘काँग्रेस रेडिओ’ ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत जागा बदलत बोलत राहिला आणि १२ नोव्हेंबरला पकडला गेला. लहरीवर कोण बोलतो आणि कोणासाठी बोलतो, याकडे राज्यसत्तेचे लक्ष का असते, हे समजून घ्यायला तेवढे पुरे.

अमेरिकेत वारे उलट दिशेने वाहिले. तिथल्या हॅमांच्या राष्ट्रीय संघटनेचे १९१४ मधील नावच ‘रिले लीग’. एका हॅमने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत निरोप देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि शेवटच्याने तो चिठ्ठीने किंवा दूरध्वनीने पोहोचवायचा, हाच तिच्या जन्माचा हेतू होता. देशांतर्गत तिसऱ्या पक्षाचे निरोप तिथे कायद्याला मान्य राहिले. पुढे रेडिओची तार थेट दूरध्वनीला जोडण्याची ‘फोन पॅच’ ही युक्ती रूढ झाली. व्हिएतनामच्या युद्धात तिचा कस लागला. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर स्वतः हॅम होते. त्यांच्या घरच्या केंद्रावरून सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांमध्ये दोन लाखांहून अधिक संभाषणे जोडून दिली गेली. नंतर डोंगरमाथ्यांवरच्या पुनःक्षेपकांना दूरध्वनीची जोडणी मिळाली. मोटारीत बसून हातातल्या यंत्राची बटणे दाबावीत आणि घरचा फोन वाजावा, ही चैन तिथल्या हॅमांना मोबाइल बाजारात येण्याआधीच लाभली होती.

आवाजाची जागा अक्षरांनी घेतली ती संगणकामुळे. अमेरिकी नौदल अकादमीतील अभियंते बॉब ब्रुनिंगा यांनी १९८२ मध्ये एका ॲपल संगणकावर नौदलाच्या जहाजांची स्थाने नकाशावर दाखवणारी आज्ञावली लिहिली. दहा वर्षांत तिचे रूपांतर ‘एपीआरएस’ या पद्धतीत झाले. गाड्या कुठे आहेत हे नकाशावर दाखवणारे खेळणे, अशीच या पद्धतीची ओळख बहुतेकांच्या मनात राहिली आणि ब्रुनिंगा यांना ते शेवटपर्यंत खटकत असे. आपल्या परिसरात आत्ता काय चालले आहे हे सर्वांना एकदम कळावे आणि छोटे निरोप हातोहात पोहोचावेत, हा त्यांचा मूळ विचार होता. त्यांचे २०२२ मध्ये निधन झाले.

एपीआरएसचा निरोप कसा जातो, हे राजाजीनगरच्या त्याच गच्चीवरून पाहू. अक्षरांचे शून्य-एक होतात आणि ते १२०० व २२०० हर्ट्झच्या दोन सुरांत बदलून, जुन्या फॅक्स यंत्रासारखी किरकिर करत, सेकंदाला १२०० बिट या वेगाने हवेत सोडले जातात. निरोप एका पाकिटात असतो: आरंभी पाठवणाऱ्याची परवाना-संज्ञा, पुढे कुणासाठी आहे त्याचे नाव, शेवटी मजकूर. उंचावरचा ‘डिजिपीटर’ पाकीट ऐकतो आणि जसेच्या तसे पुन्हा उच्चारतो. इंटरनेटला जोडलेले एखादे केंद्र ते उचलून जागतिक जाळ्यात टाकते. ज्या पाकिटावर एसएमएस-फाटकाचे नाव आहे, ते त्या फाटकावरचा संगणक ओळखतो, मजकुराच्या आरंभी लिहिलेला मोबाइल क्रमांक वेगळा काढतो आणि उरलेला मजकूर एसएमएस म्हणून पुढे ढकलतो. निरोपाला अनुक्रमांक असतो. पोच परत आली नाही तर यंत्र तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहते. जुन्या हरकाऱ्याची ही सवय या पद्धतीने बरी उचलली आहे.

मजकुराची मर्यादा ६७ अक्षरांची. एसएमएसची १६०, आणि तिचीही कथा आहे. १९८५ मध्ये जर्मन अभियंता फ्रिडहेल्म हिलेब्रांट यांनी टंकलेखन यंत्रावर साधी वाक्ये टाइप करून अक्षरे मोजली व माणसाला सांगायचे असते ते बहुधा १६० अक्षरांत मावते, असे ठरवले. मोबाइल जाळ्याच्या ज्या वाहिनीवरून फोन लावण्याचे संकेत जातात, तिच्यातल्या मोकळ्या १४० बाइटांत सात-सात बिटांची तेवढीच अक्षरे बसतात. देवनागरीला मात्र दर चिन्हामागे दोन बाइट लागतात, म्हणून मराठी एसएमएस ७० चिन्हांतच संपतो. एपीआरएसवर तर गत याहून वाईट: इंटरनेटच्या रूढ लेखनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, तेव्हा ६७ मध्ये जेमतेम २२ चिन्हे बसतील, काना, मात्रा, वेलांटी हीही त्यांतच मोजायची. ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढे त्यात बसते. संकटकाळी बहुतेकांना तेवढेच सांगायचे असते, हा भाग वेगळा.

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ यांनी पाठवला तोही मोबाइलवरून नव्हे, संगणकावरून. त्या काळच्या फोनवर संदेश टंकण्याची सोयच नव्हती. म्हणजे बाहेरच्या जाळ्यातून मोबाइलमध्ये शिरणारे फाटक एसएमएसच्या जन्मापासून त्याच्या अंगात आहे. हॅमांनी त्यावर आपली एक वाट आणून सोडली, इतकेच.

मात्र या वाटेवर दोन धोंडे आहेत. हौशी लहरीवर गुप्तता चालत नाही. वेगवेगळ्या देशांच्या हौशी केंद्रांनी अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यामुळे पाकिटातला मोबाइल क्रमांक आणि निरोप शहरातला कोणताही श्रोता वाचू शकतो, आणि इंटरनेटवर गेल्यावर तर साऱ्या जगालाच तो दिसतो. दुसरा धोंडा उत्तराचा. हॅमकडून मोबाइलकडे जाणारा निरोप परवानाधारकाचा असतो. पण मोबाइलधारकाने उलट उत्तर दिले की परवाना नसलेल्या माणसाचे शब्द हौशी लहरीवर उमटतात. त्यांची जबाबदारी कोणाची? ज्याच्या अँटेनातून ते बाहेर पडले त्याची. तो त्या वेळी झोपलेलाही असू शकतो, कारण यंत्र आपले आपण चालते. सन २००३ मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने हौशी सेवेचे कलम सुधारले, तेव्हा मोर्सची जागतिक सक्ती उठली. तिसऱ्या पक्षासाठी आंतरराष्ट्रीय निरोप वाहण्याची मुभा मात्र आणीबाणी व आपत्तीतील मदत एवढ्यापुरतीच ठेवली गेली. देशाच्या हद्दीत फाटक किती उघडायचे हे ज्याने त्याने ठरवायचे. ही सावधगिरी काहींना जुनाट वाटते. पण फुकटात निरोप वाहणारी लहर एकदा सर्वांना खुली झाली की तिच्यावर शिकणाऱ्यांना जागा उरणार नाही, हेही तितकेच खरे आहे.

भारतात हे फाटक प्रत्यक्षात उघडले ते आपत्तींनी, आणि तिथे संगणकाची जागा माणसाने घेतली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम मदतीला धावले, तेव्हा देशात मोबाइल सेवा सुरूच झाली नव्हती. ती ३१ जुलै १९९५ रोजी आली. त्यानंतर नऊ वर्षांनी अंदमानात जे घडले त्याची नोंद जगभरच्या हॅमांनी ठेवली आहे. तिथे कित्येक वर्षे हौशी प्रक्षेपणाला परवानगी नव्हती. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेने ती मिळवली आणि भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील पथक डिसेंबर २००४ च्या सुरुवातीला पोर्ट ब्लेअरला पोहोचले. उद्देश साधा होता: दुर्मीळ ठिकाणाहून जगाशी बोलायचे. २६ डिसेंबरच्या सकाळी जमीन हादरली, मागून समुद्र आला आणि बेटांचे दूरध्वनी मुके झाले. छंदासाठी मांडलेले केंद्र त्याच दिवशी बेटे व मुख्य भूमी यांच्यातला दुवा बनले. पुढे कार निकोबारमध्येही केंद्र उभे राहिले. बेटावरचा हॅम नावे वाचायचा, मुख्य भूमीवरचा हॅम ती वहीत उतरवून नातेवाइकांना फोन करायचा. एपीआरएसच्या साखळीतले प्रत्येक काम इथे होते: पाकीट, पत्ता, पोच, फाटक. फक्त फाटकावर कान आणि पेन्सिल होती, आणि कोणता निरोप आधी सांगायचा हे ठरवणारे मनही.

जमिनीवरचा मनोरा पडला की मोबाइल मुका होतो. डोंगरावरचा डिजिपीटरही त्याच भूकंपात पडू शकतो. म्हणून निरोप्याला आकाशात बसवण्याची कल्पना हॅमांना फार आधीपासून खुणावत होती. इथे बेंगळुरूचा वाटा मोठा. राजाजीनगर ही स्वातंत्र्याच्या सुमारास वसलेली, चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव लाभलेली उद्योगवस्ती. तिथून वायव्येला यशवंतपूर ओलांडून तुमकूर रस्त्याने गेले की पीण्याची औद्योगिक वसाहत लागते. तिथल्या साध्या कारखानी शेडमध्येच यू. आर. राव यांच्या चमूने ‘आर्यभट’ बांधला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी तो अवकाशात गेला. तीस वर्षांनी, ५ मे २००५ रोजी, याच शहरातल्या इस्रोच्या उपग्रह केंद्रात घडलेला ‘हॅमसॅट’ पीएसएलव्ही-सी६ वरून निघाला. वजन ४२.५ किलो. त्याच्या घडणीत भारतीय हॅमांचा सहभाग होता. आतल्या दोन पुनःक्षेपकांपैकी एक भारतीय, तर दुसरा नेदरलँड्समधील एका विद्यार्थ्याने बनवलेला. दक्षिण आशियातल्या हॅमांनी त्याच्यावरून आवाजात व मोर्समध्ये मनसोक्त गप्पा मारल्या. घटविद्युतसंच थकल्याने जुलै २०१४ मध्ये तो शांत झाला.

त्याच्यावर निरोप साठत मात्र नसे. बोलणारा आणि ऐकणारा एकाच वेळी उपग्रहाच्या नजरेत असावे लागत. ही उणीव भरून काढण्याचा विचार पुण्यात झाला. कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग, पुणे येथील विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये हाती घेतलेला ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने कक्षेत सोडला. वजन सुमारे एक किलो, आकार दहा सेंटिमीटरच्या घनाएवढा. त्याचे काम नेमके निरोप्याचे ठरवले होते: एका हॅमचा मजकूर घ्यायचा, पोटात ठेवायचा आणि दुसऱ्या हॅमच्या डोक्यावरून जाताना त्याच्या हवाली करायचा. तोंड पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रोखाने राहावे यासाठी त्यात चुंबके बसवली होती. त्यासाठी वीज खर्च करायची नव्हती, कारण तेवढ्याशा डब्यात वीज हीच मोठी श्रीमंती. आठ वर्षांत विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या पदव्या घेऊन बाहेर पडल्या आणि वह्या पुढच्यांच्या हाती देत गेल्या. प्रकल्पच साठवून पुढे देण्याच्या पद्धतीने चालला म्हणायचा.

पुढची पायरी एपीआरएसची. १ एप्रिल २०१९ रोजी पीएसएलव्ही-सी४५ ने आपले २९ उपग्रह सोडले आणि उरलेला चौथा टप्पा ४८५ किलोमीटर उंचीवर फिरता ठेवला. एरवी कचरा ठरणाऱ्या त्या टप्प्यावर ॲमसॅट-इंडियाचे एपीआरएस उपकरण बसवलेले होते. १ जानेवारी २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी५८ च्या अशाच टप्प्यावर, ‘पोएम-३’ वर, मुंबईच्या सायन येथील के. जे. सोमय्या तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांचे ‘बिलीफसॅट-०’ हे हौशी रेडिओ उपकरण होते. साडेतीनशे किलोमीटर उंचीवरच्या त्या टप्प्याच्या टापूत राजाजीनगर, पुणे आणि पोर्ट ब्लेअर एकाच फेरीत येऊ शकत. प्रत्येक फेरी मात्र काही मिनिटांचीच. २१ मार्च २०२४ रोजी तो टप्पा वातावरणात शिरला आणि प्रशांत महासागरावर संपला.